फोर व्हीलचा दोष : आधी तपासणी, मग पाना

पावसाळा सुरू झाला की नाशिकच्या गॅरेजांत एकाच तक्रारीच्या गाड्या येऊ लागतात. पेठ, सुरगाणा, हरसूल, इगतपुरी या बाजूचा शेतकरी किंवा ठेकेदार असतो. गाडी पंधरा-सोळा वर्षांची स्कॉर्पिओ, बोलेरो किंवा जुनी जिप्सी असते. शेताच्या वाटेवर चिखलात गाडी रुतली, फोर व्हील टाकले, डॅशबोर्डवर दिवाही पेटला, पण मागची चाके जागच्या जागी फिरत राहिली आणि पुढची हललीसुद्धा नाहीत. शेवटी ट्रॅक्टर लावून गाडी ओढून काढली. मालक गॅरेजात येऊन म्हणतो, "मिस्त्री, फोर व्हील गेले, बघा." आणि मिस्त्री पोराला हाक मारून सांगतो, "ट्रान्सफर केस उतरव."

आज आम्हाला या एका वाक्याबद्दलच बोलायचे आहे. दोष कोठे आहे हे कळण्याआधी पाना लावण्याची ही सवय आमच्या कारागिरांच्या पोटावर येत आहे, असे आमचे मत आहे. ती कोठून आली आणि कशी जाईल, याचा विचार या पानावर झाला पाहिजे. कारण द्वारका, वडाळा, भद्रकालीपासून मालेगावपर्यंत मोटार दुरुस्तीच्या धंद्यात आमचे शेकडो बांधव आहेत.

नाशिकला या विषयाचे महत्त्व इतर शहरांपेक्षा अधिक आहे. २००० साली आलेली बोलेरो आणि २००२ साली आलेली स्कॉर्पिओ या दोन्ही गाड्या नाशिकच्याच कारखान्यातून बाहेर पडल्या. इंजिनांचा कारखाना शेजारी इगतपुरीला. सातपूरच्या आय.टी.आय.मधून आणि तेथल्या कारखान्यांतून काम शिकलेली माणसे पुढे शहरातल्या गॅरेजांत बसली. आमच्या तरुण वाचकांपैकी अनेकांना ठाऊक नसेल, पण ही कंपनी १९४५ साली स्थापन झाली तेव्हा तिचे नाव महिंद्र अँड मोहम्मद असे होते. त्यातले मोहम्मद म्हणजे मलिक गुलाम मोहम्मद. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले, तेथे अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव बदलले. भागीदार गेला, पण जीपखाली झोपून काम करणारा आमचा मिस्त्री मात्र आजही तेथेच झोपलेला आहे!

आता मूळ मुद्दा. दोष शोधायचा तर शक्ती कोणत्या वाटेने चाकापर्यंत जाते हे डोळ्यांसमोर हवे. इंजिनातून गिअरबॉक्स, गिअरबॉक्समधून ट्रान्सफर केस. तेथे वाट फुटते. एक प्रोपेलर शाफ्ट मागे जातो, दुसरा पुढे. पुढचा शाफ्ट पुढच्या हौसिंगमधल्या क्राउन-पिनियनला फिरवतो, तेथून दोन बाजूंना दोन ॲक्सल, आणि ॲक्सलच्या टोकाला हब. हब लॉक असेल तरच ॲक्सलचे फिरणे चाकाला मिळते. या वाटेवर कोठेही एक कडी सुटली की पुढचे चाक मेले. ट्रान्सफर केस ही त्या साखळीतली केवळ एक कडी आहे, आणि आमच्या पाहण्यात तरी ती सर्वांत कमी वेळा बिघडते. ती उतरवायला मात्र सर्वांत जास्त वेळ लागतो.

डॅशबोर्डवरच्या दिव्याने तर अनेकांना फसवले आहे. हा दिवा बहुतेक जुन्या गाड्यांत ट्रान्सफर केसवरच्या स्विचवरून पेटतो. म्हणजे ट्रान्सफर केसने आपले काम केले एवढेच तो सांगतो. हब लॉक झाले की नाही, याची त्याला खबर नसते. त्यात पुन्हा पुढचे डिफरन्शिअल साधे असेल तर एका बाजूचा हब सुटलेला असताना सगळी शक्ती त्या सुट्या बाजूकडे वाहून जाते आणि दुसऱ्या बाजूचा लॉक झालेला हबही निरुपयोगी ठरतो. एक हब मेला की पुढची दोन्ही चाके मेली. चाळीस वर्षे जीपवर काम केलेल्या एका बुजुर्ग मिस्त्रींना आम्ही हे विचारले तेव्हा ते हसून म्हणाले, "दिवा बघून गाडी चालत असती तर आम्हाला कोण विचारणार होते?"

काही तक्रारी तर दोषच नसतात. या गाड्यांतले फोर व्हील हे कच्च्या रस्त्यासाठी आहे. पुढच्या आणि मागच्या शाफ्टला ते एकमेकांशी घट्ट बांधते. वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा अधिक अंतर कापावे लागते. चिखलात चाक थोडे घसरून हा फरक भागवते. कोरड्या डांबरावर ते घसरत नाही, ताण साचत जातो, स्टिअरिंग जड होते, गाडी कोणीतरी मागून धरल्यासारखी चालते आणि लिव्हर फोरमधून निघत नाही. ग्राहक घाबरून म्हणतो, गिअर अडकला. अशा वेळी गाडी सरळ रेषेत चार-पाच फूट मागे घेतली की बहुधा ताण सुटतो आणि लिव्हर निघते. ज्या गाड्यांत आपोआप लॉक होणारे यांत्रिक हब आहेत, त्यांत हब सुटण्यासाठीही गाडी थोडी मागे घ्यावीच लागते. ही गोष्ट ग्राहकाला समजावून सांगितली तर त्याचे पैसे वाचतात आणि मिस्त्रीवरचा विश्वास वाढतो. परंतु समजावून सांगण्याचे बिल कोणी देत नाही, आणि दुखणे तेथेच आहे. त्याकडे आम्ही पुढे येतोच.

टायरांचेही असेच आहे. पुढे दोन नवे टायर आणि मागे दोन गुळगुळीत, ही आपल्याकडची नेहमीची काटकसर. जरा हिशेब करून पाहा. २३५/७० मापाच्या सोळा इंची टायरचा व्यास सुमारे ७३५ मिलिमीटर आणि परीघ सुमारे २३१० मिलिमीटर असतो. टायरची नक्षी ६ मिलिमीटर झिजली तर व्यास १२ ने आणि परीघ जवळजवळ ३८ मिलिमीटरने कमी होतो. एका किलोमीटरमध्ये असे चाक सुमारे ४३३ फेऱ्या मारते. म्हणजे दर किलोमीटरला पुढच्या-मागच्या चाकांत १६ मीटरचा फरक पडतो. फोर व्हीलमध्ये दोन्ही शाफ्ट बांधलेले असल्याने हे १६ मीटर कोठेतरी घासून निघतात, टायरमधून किंवा ट्रान्सफर केसमधून. मग आत तेल तापते, आवाज येतो, आणि आपण ट्रान्सफर केस उघडून त्यात दोष शोधत बसतो. चारही टायरची नक्षी मोजायला पाच मिनिटे लागतात.

जुन्या जीपमध्ये यापेक्षा मोठी गंमत आढळते. कधीतरी पुढचे किंवा मागचे हौसिंग भंगारातून आणून बसवलेले असते. विलीजच्या मूळ घडणीच्या जीपला ५.३८ चे रेशो, म्हणजे क्राउनला ४३ दात आणि पिनियनला ८. त्याच घराण्यातले ४.८८ चेही हौसिंग मिळते, त्यात ३९ दात आणि ८. बाहेरून दोन्ही भाऊ-भाऊ दिसतात. एक पुढे आणि एक मागे बसवले तर टू व्हीलमध्ये गाडी मजेत चालते, आणि फोर व्हील टाकले की दहा पावलांत कोंडते. तपासायचे तर त्या हौसिंगची दोन्ही चाके उचलून, दोन्ही एकदमच सारखी एक पूर्ण फेरी फिरवावीत आणि शाफ्टच्या फेऱ्या मोजाव्यात. शाफ्टवर खडूने एक रेघ मारली की पुरे. पुढच्या-मागच्या फेऱ्या जुळल्या नाहीत तर उत्तर हातात आले.

आता प्रत्यक्ष तपासणीचा क्रम. तो आमचा स्वतःचा शोध नाही. जाणते मिस्त्री असेच करतात, फक्त घाईत असताना तेही विसरतात.

पहिली गोष्ट, मालकाला बोलते करा. तक्रार टू व्हीलमध्येही आहे काय? फोर हायमध्ये आहे की फक्त लोमध्ये? दिवा लागतच नाही, लागून राहतो, की लुकलुकतो? अलीकडे बॅटरी, टायर, क्लच, चाकाची बेअरिंग यांपैकी कशाचे काम झाले? नदी-ओढ्यातून गाडी गेली होती काय? हकीम नाडी पाहण्याआधी विचारपूस करतो, त्यातला हा प्रकार आहे. बेअरिंगचे काम झाल्यानंतर आठ दिवसांनी फोर व्हील बंद पडले असेल, तर हब उघडताना काय झाले ते आधी पाहावे. ट्रान्सफर केसचा संबंध नंतर.

दुसरी गोष्ट, गाडीखाली डोकवा आणि पुढचा प्रोपेलर शाफ्ट जागेवर आहे काय ते पाहा. वाचक हसतील, पण डिझेल वाचावे म्हणून किंवा क्रॉस खराब झाला म्हणून शाफ्ट काढून घरी ठेवलेल्या गाड्या आजही फिरत आहेत, आणि गाडी विकताना तो शाफ्ट बरोबर देण्याचे काहींना आठवत नाही.

तिसरी गोष्ट मोकळ्या मैदानावरची. मैदान कच्चे हवे, डांबर नव्हे. टू व्हीलमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी अगदी सावकाश गोल फिरवा. मग फोर हाय टाकून तसेच करा. फोर व्हील खरोखर लागले असेल तर गाडी आखडल्यासारखी होते, पुढची चाके माती खरवडतात. दोन्ही वेळा काहीच फरक जाणवला नाही तर पुढे शक्ती पोहोचत नाही हे नक्की. या चाचणीला दहा मिनिटे लागतात आणि एकही नट सोडावा लागत नाही.

चौथी चाचणी सर्वांत उपयोगाची आहे, म्हणून ती सविस्तर सांगतो. गाडी सपाट जागी उभी करावी, हँडब्रेक ओढावा, मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावावेत. फोर हाय लावावे. त्यासाठी इंजिन सुरू करावे लागत असेल तर ते गाडी चारही चाकांवर उभी असतानाच करून घ्यावे आणि मग इंजिन बंद करावे. त्यानंतर पुढची दोन्ही चाके उचलून घोडीवर टेकवावीत. नुसत्या जॅकवर नाही. आता गाडीखाली हात घालून पुढचा प्रोपेलर शाफ्ट हाताने फिरवून पाहावा. मागची चाके जमिनीवर अडलेली आहेत, त्यामुळे ट्रान्सफर केस खरोखर लागला असेल तर पुढचा शाफ्टही थोड्याशा हालचालीपलीकडे फिरणार नाही. तो मोकळा फिरला तर दोष ट्रान्सफर केसमध्ये किंवा त्याला हलवणाऱ्या यंत्रणेत. शाफ्ट अडला, तर ट्रान्सफर केसला तूर्त हात लावू नका. पुढचे एक चाक हाताने फिरवा. दोन्ही हब लॉक असतील तर दुसरे चाक उलट दिशेने फिरेल. ते स्थिर राहिले तर दोहोंपैकी एक हब सुटलेला आहे किंवा आतला ॲक्सल तुटला आहे. कोणत्या बाजूचा, ते नकलच्या आत ॲक्सल फिरतो की नाही हे पाहून कळते.

येथे एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. पुढची चाके घोडीवर आणि मागची जमिनीवर असताना काही उत्साही मंडळी इंजिन चालू करून गिअर टाकतात. फोर व्हील लागलेले असते, मागची चाके पकड घेतात आणि गाडी घोडीवरून उडी मारते. खाली बहुधा कोणाचा तरी पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा असतो. त्याच्या आईने तो आपल्याकडे काम शिकायला पाठवलेला असतो. या चाचणीत गाडी घोडीवर असेपर्यंत इंजिनाची किल्ली उस्तादाच्या खिशात राहिली पाहिजे.

या चौथ्या चाचणीवरून दोन वाटा फुटतात. हबची वाट आधी घेऊ. जिप्सीसारख्या गाड्यांत हब हाताने फिरवून लॉक करावा लागतो. कितीतरी वेळा तक्रारीचे मूळ एवढेच असते की नव्या मालकाला हे कोणी सांगितलेले नसते! काही मॉडेलांत हब व्हॅक्यूमने लॉक होतात. इंजिनावरच्या व्हॅक्यूम पंपापासून बारीक रबरी पाइप पुढच्या चाकांपर्यंत जातात. दहा-पंधरा उन्हाळे सोसल्यावर हे रबर कडक होते, चिरते, किंवा चिखलपाण्याने सील जाते. हातपंपाने पाइपात व्हॅक्यूम भरून तो टिकतो काय ते पाहिले की चिरलेला पाइप आपोआप सापडतो. पंप आणि हब यांच्यामधला सोलेनॉइड व्हॉल्व्ह टिकटिकतो काय, तेही ऐकावे.

दुसरी वाट ट्रान्सफर केस हलवणाऱ्या यंत्रणेची. लिव्हर असलेल्या गाडीत लिव्हरचे बूश आणि जोडणीच्या पट्ट्या पाहाव्यात. बटण किंवा नॉब असलेल्या गाडीत मात्र अर्धे काम विजेचे आहे, आणि जुने मिस्त्री येथेच बिचकतात. नॉब फिरवला की कंट्रोल युनिट हुकूम देते, ट्रान्सफर केसवरची छोटी मोटर आतला दांडा फिरवते, आणि आपण कोठवर फिरलो ते परत कळवते. बॅटरी अशक्त असेल तर मोटर अर्ध्यात थांबते आणि दिवा लुकलुकत राहतो. म्हणून आधी बॅटरी मोजा. इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास आणि चालू असताना साधारण साडेतेरा ते साडेचौदा हवेत. मग फ्यूज, रिले, आणि बॉडीला लागलेली अर्थची वायर. लो लावताना गाडी थांबलेली असावी लागते आणि क्लच दाबलेला किंवा गिअर न्यूट्रलला असावा लागतो. हे कळवणारा क्लचचा छोटा स्विच बिघडला तरी लो लागत नाही, आणि त्या पाच मिनिटांच्या कामासाठी ट्रान्सफर केस टेबलावर आलेले आम्ही पाहिले आहेत. एवढ्यावर उलगडा झाला नाही तर मोटर सोडवून काढावी आणि दांडा पान्याने हाताने फिरवावा. हाताने फोर लागले, शाफ्ट अडला, तर केस निर्दोष आहे. दोष मोटरचा किंवा वायरिंगचा. हाताने फिरवूनही लागले नाही, तर मात्र पाना घ्या आणि केस उतरवा. आता तुम्ही ती विश्वासाने उतरवत आहात, अंदाजाने नव्हे.

आवाजांबद्दल थोडक्यात. गॅस सोडता-देता ठक्क आवाज आला तर आधी क्रॉस पाहावा. फोर व्हीलमध्ये वळतानाच कटकट आली तर नकलमधला जॉइंट. गाडीच्या वेगाबरोबर वाढणारी घरघर टू व्हीलमध्येही असेल तर बेअरिंग. चढावर जोर पडताच दात निसटल्यासारखे हादरे बसले आणि आत चेन असलेला ट्रान्सफर केस असेल, तर चेन ताणली गेली आहे. जुन्या जीपमध्ये चेन नसते, सगळे गिअरच असतात. तेथे गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांच्यामधले सील गेले की एकाचे तेल दुसऱ्यात जाते. एकात कमी आणि दुसऱ्यात जास्त तेल दिसले तर गळती कोठे दिसत नाही म्हणून गोंधळून जाऊ नये. तेल बदलताना मात्र कंपनीचे पुस्तक पाहावे. चेनच्या कित्येक केसमध्ये गिअर ऑइल नव्हे, तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे पातळ लाल तेल लागते.

एवढे सगळे आमच्या मिस्त्रींना ठाऊक नाही काय? बहुतेकांना ठाऊक आहे. मग ते आधी पाना का लावतात? गेल्या पावसाळ्यात आमच्या समोर घडलेला प्रसंग सांगतो, म्हणजे उत्तर मिळेल. हरसूलकडचे एक शेतकरी आपली स्कॉर्पिओ घेऊन आमच्या परिचयाच्या एका मिस्त्रींकडे आले. त्याआधी दुसऱ्या एका गॅरेजात त्यांच्या गाडीचा ट्रान्सफर केस दोनदा उघडला गेला होता. मोटर नवी बसली होती, सीलचा संच बदलला होता, आणि फोर व्हील लागत नव्हते ते नव्हतेच. आमच्या मिस्त्रींनी गाडी घोडीवर घेतली, शाफ्ट धरून पाहिला, चाक फिरवून पाहिले, आणि वीस मिनिटांत डाव्या हबचा चिरलेला व्हॅक्यूम पाइप काढून त्यांच्या हातात ठेवला. पाइपाची किंमत दोघांच्या चहा-नाश्त्याएवढी. शेतकरी खूष झाले, पाइपाचे पैसे दिले, आणि मजुरी विचारल्यावर म्हणाले, "चाचा, वीस मिनिटांचे काय घेता? पाइपच तर बदलला."

ज्याने दोनदा केस उघडली त्याला दोन दिवसांची मजुरी मिळाली. ज्याने दोष शोधला त्याला पाइप बदलल्याची मिळाली. असा बाजार असेल तर कोणता मिस्त्री शोधत बसेल? आम्ही पहिल्या गॅरेजवाल्याला सरसकट बेइमान म्हणणार नाही. त्याने घाम गाळलाच होता. परंतु ग्राहक घामाचे पैसे देतो आणि अकलेचे देत नाही, ही रीत आपणच पाडली आहे. बिलात आपण सामान लिहितो, मजुरी लिहितो. तपासणीचा रकाना आपल्या बिलात नसतोच.

म्हणून आमची सूचना अशी की, तपासणीची मजुरी वेगळी आणि आधी ठरवावी. गाडी आत घेण्यापूर्वीच सांगावे की शोधण्याचे एवढे लागतील. काम येथेच केले तर ती रक्कम मजुरीत धरली जाईल, काम दुसरीकडे नेले तरी हरकत नाही, पण शोधण्याचे द्यावे लागतील. इस्लामी शरीअतनेही कामाचे स्वरूप आणि उजरत आधी स्पष्ट करण्यावर भर दिला आहे, कारण मागाहून होणाऱ्या तंट्याचे मूळ संदिग्धतेत असते. तपासणीनंतर एका कागदावर चार ओळी लिहून द्याव्यात: काय तपासले, काय ठीक निघाले, दोष कोठे आहे, खर्च अंदाजे किती. मराठीत, वाचता येईल अशा अक्षरात. बदललेला जुना भाग न मागता परत करावा. गाडी आपल्याकडे असते तोवर ती अमानत आहे, तिच्यातून निघालेला भंगार भागही मालकाचाच.

यावर आक्षेप येईल की ग्राहक पळून जाईल, शेजारचा फुकट पाहून देतो. सुरुवातीला काही जण जातीलही. परंतु आपण डॉक्टरकडे जातो तेव्हा त्याने औषध दिले नाही म्हणून तपासणी फी बुडवतो काय? कंपनीच्या वर्कशॉपमध्ये संगणक लावण्याचेसुद्धा पैसे पडतात आणि ग्राहक मुकाट्याने देतो. आमच्याकडे फुकट मागतो, कारण आम्हीच आमच्या डोक्याची किंमत शून्य लावली आहे. शिवाय फुकट पाहणारा कोठून भरून काढतो, हे आता ग्राहकालाही कळू लागले आहे. हरसूलच्या त्या शेतकऱ्याने पुढच्या दोन महिन्यांत आपल्या गावच्या तीन गाड्या पाठवल्या, आणि त्या वेळी मिस्त्रींनी तपासणीची मजुरी आधीच सांगितली. तिघांनीही दिली.

या धंद्याला आज दुसरेही कारण आहे. १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरील खाजगी मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५००० रुपये झाले, आणि २०२५ मध्ये २० वर्षांपुढील गाड्यांसाठी ते आणखी वाढले. एवढे पैसे भरून जो जुनी फोर व्हील गाडी ठेवतो, तो तिच्यावर खर्च करायला तयार असतो. मात्र तोच खर्च दोनदा वाया गेला की तो गाडी काढून टाकतो, आणि ती गाडी गेली म्हणजे आपले एक कायमचे काम गेले.

गाड्यांच्या खरेदी-विक्रीत असलेल्या आमच्या बांधवांनाही दोन शब्द. जुन्या गाडीच्या जाहिरातीत फोर बाय फोर असे लिहायचे, आणि ग्राहकाला दिवा पेटवून दाखवायचा, ही चाल सर्रास चालते. मदीनेच्या बाजारात धान्याच्या ढिगात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हात घातला आणि खालचे धान्य ओले निघाले, तो प्रसंग आपण सर्वांनी ऐकलेला आहे. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले, तेव्हा ओले धान्य वर का ठेवले नाही, जेणेकरून लोकांना दिसले असते, असे त्याला विचारले गेले. पेटणारा दिवा आणि न फिरणारे चाक हा वरून कोरडा, आतून ओला असाच ढीग आहे. फोर व्हील बंद असेल तर तसे सांगून किंमत कमी करून विकावे. शेतकऱ्याला ती गाडी डोंगरात, रात्री, घरात आजारी माणूस असताना लागणार असते. दलाली करणाऱ्याने बयाणा घेण्याआधी गाडी वरच्या चौथ्या चाचणीतून काढून त्याचा कागद दोघांना दिला तर त्याची दलाली वाढेल, घटणार नाही.

राहिला प्रश्न हत्यारांचा. मल्टीमीटर आता बहुतेकांकडे आहे, पण व्हॅक्यूमचा हातपंप आणि बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर एकट्या छोट्या गॅरेजला परवडत नाही, आणि त्यासाठी व्याजी कर्ज काढावे असे आम्ही कोणालाही सांगणार नाही. एका गल्लीतल्या चार-पाच गॅरेजवाल्यांनी वर्गणी काढून ही दोन साधने सामाईक घ्यावीत. एकाच्या दुकानात ती राहावीत, वही ठेवावी, कोणी कधी नेली आणि आणली त्याची नोंद व्हावी. स्कॅनर घेताना आपल्याकडे येणाऱ्या गाड्यांच्या कंट्रोल युनिटशी तो बोलतो काय, हे दुकानात प्रत्यक्ष गाडी नेऊन पाहूनच पैसे द्यावेत. बाजारातले स्वस्त स्कॅनर बहुधा इंजिनाचे कोड वाचतात आणि फोर व्हीलच्या युनिटपर्यंत पोहोचत नाहीत.